पेशवे दरबारातील तसबीरकार : जेम्स वेल्स आणि गंगाराम तांबट

इतिहासातील थोर व्यक्तींची नावे उच्चारली की त्यांच्यासोबत एखादी मुद्राही आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहते. नाना फडणवीस म्हटले की कृश देहयष्टी, लांबट चेहरा आणि विचारात गढलेली नजर आठवते. सवाई माधवराव म्हटले की दागिन्यांनी मढलेला, पण अद्याप कोवळेपण न सरलेला एक तरुण दिसू लागतो. महाराष्ट्रातील शाळांमधून, मग ती पुण्याची असो की जालना जिल्ह्यातील एखाद्या खेड्याची, इतिहास शिकणाऱ्या मुलांनी हे चेहरे पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. परंतु हे चेहरे आपल्यापर्यंत पोहोचविले कोणी, ते प्रत्यक्ष पाहून रेखाटले की कल्पनेने, याचा विचार सहसा केला जात नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, पुण्याच्या शनिवारवाड्यात जाऊन पोहोचतो. तेथे दोन चित्रकार आपणांस भेटतात. त्यांपैकी एक स्कॉटलंडहून आलेला जेम्स वेल्स आणि दुसरा पुण्याचाच गंगाराम चिंतामण तांबट. पहिल्याचे नाव निदान अभ्यासकांना परिचित आहे. दुसऱ्याचे नाव मात्र त्याच्या स्वतःच्या महाराष्ट्रातही फारसे ठाऊक नाही. या दोघांचे कार्य एकत्र पाहिल्यावाचून उत्तर पेशवाईच्या चित्रकलेचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही.

दख्खनची चित्रपरंपरा

दख्खनमध्ये व्यक्तिचित्रणाची कला परकीयांनी आणली, असा एक समज आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. अहमदनगर, विजापूर व गोवळकोंडा येथील दरबारांत सुलतानांच्या आणि सरदारांच्या तसबिरी सोळाव्या-सतराव्या शतकांतच तयार होत होत्या. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर, १६५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भानुदत्ताच्या 'रसमंजरी'ची एक सचित्र पोथी तयार झाली होती. मोगल छावण्यांच्या आश्रयाने उत्तरेकडील सरदार व त्यांचे चितारी या भागात येऊन राहिले आणि त्यांच्या हातच्या शैलीत दख्खनचे रंग मिसळले.

अठराव्या शतकात जालना शहर व त्याच्या भोवतालचा मुलूख कधी निजामाच्या तर कधी मराठ्यांच्या अमलाखाली होता. निजाम अली खान याच्या हैदराबाद दरबारात तजल्ली अली शाह आणि वेंकटाचलम यांच्यासारखे चित्रकार होते. त्यांपैकी तजल्ली अली शाह हा चित्रकार, कवी आणि इतिहासकारही होता. इकडे पुण्यात पेशव्यांनी शनिवारवाड्याच्या भिंती रंगविण्यासाठी जयपूरहून भोजराज नावाचा चितारी आणविला होता. नाना फडणवीसांच्या मेणवली येथील वाड्यातही भित्तिचित्रे आढळतात. सारांश, ज्या मुलखात वेल्सने पाऊल ठेवले, तेथे चित्रकलेची जाण आणि आवड दोन्ही होत्या.

मात्र या परंपरेचे काही ठराविक संकेत होते. तसबिरीतील व्यक्ती बहुधा एका बाजूने, म्हणजे एकचश्मी, दाखविली जाई. कागदावर पाण्यात कालविलेल्या अपारदर्शक रंगांनी काम होई. चित्राचा आकार हातात धरून पाहता येईल इतकाच असे. चेहऱ्याच्या रेषेवर चिताऱ्याची हुकमत असे, परंतु प्रकाश कोणत्या दिशेने येतो आणि सावली कोठे पडते, याकडे तो फारसे लक्ष देत नसे. व्यक्तीचा दर्जा, तिचा पेहराव आणि तिचे दरबारातील स्थान ही त्या चित्रातून प्रथम कळावीत, अशी अपेक्षा असे.

पीटरहेड ते पुणे

जेम्स वेल्सचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर परगण्यातील पीटरहेड या बंदराच्या गावी झाला. ॲबर्डीन येथील मारिशल कॉलेजात त्याचे शिक्षण झाले. पुढे लंडनला येऊन त्याने व्यक्तिचित्रे काढण्यास आरंभ केला आणि तेथील प्रदर्शनांत आपली चित्रे मांडली. परंतु लंडनमध्ये त्या काळी नामवंत चित्रकारांची दाटी होती, आणि मध्यम प्रतीच्या यशावर संसार चालविणे कठीण होते.

अशा चित्रकारांना हिंदुस्थान खुणावीत होता. टिली केटल हा १७६९ मध्ये येथे आला आणि धन मिळवून परतला. योहान झोफनी १७८३ ते १७८९ या काळात येथे राहिला व लखनौच्या दरबारात त्याने काम केले. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी आपल्या तसबिरी काढवून घेत, आणि नवाब-राजेही नव्या धर्तीच्या चित्रांबद्दल उत्सुक असत. वेल्सने कंपनीची परवानगी मिळविली आणि १७९१ मध्ये तो मुंबईस येऊन दाखल झाला. त्यावेळी त्याचे वय ४४ वर्षांचे होते. मुंबई बेट व त्याच्या आसमंताची बारा दृश्ये त्याने १७९१ व १७९२ या दोन वर्षांत रेखाटली. तेव्हाच्या मुंबईचे स्वरूप समजून घेण्यासाठी ती आजही उपयोगी पडतात.

त्याच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती पुण्याच्या निमंत्रणाने. सर चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे वास्तव्य होते. त्याला चित्रे, लेणी, प्राणी, वनस्पती अशा सर्वच गोष्टींत रस होता. अर्थात या जिज्ञासेला राजकारणाची जोडही होती. ज्या दरबाराशी व्यवहार करावयाचा त्याची माणसे, त्याचे रीतिरिवाज आणि त्याचे सामर्थ्य यांची बारकाईने नोंद ठेवणे हे रेसिडेंटाच्या कामाचेच अंग होते. चित्रकाराचे कौशल्य दरबाराशी स्नेह जोडण्यासही उपयोगी पडेल, हे त्याने ओळखले होते. मॅलेटच्या बोलावण्यावरून वेल्स १७९२ मध्ये पुण्यास आला.

पेशव्यांची तसबीर

पुण्याच्या दृष्टीने हे वर्ष मोठ्या घडामोडींचे होते. टिपू सुलतानाविरुद्धची मोहीम आटोपली होती. दिल्लीच्या बादशाहीची सूत्रे हाती ठेवणारे महादजी शिंदे पुण्यात आले होते, आणि जून १७९२ मध्ये बादशहाकडून आणलेली 'वकील-इ-मुतलक' ही पदवी त्यांनी पेशव्यांना मोठ्या समारंभाने अर्पण केली होती. नाना आणि महादजी या दोन मातब्बर पुरुषांतील स्पर्धा त्यावेळी ऐन भरात होती. दोघांच्या मध्ये, अवघे अठरा वर्षांचे सवाई माधवराव पेशवे गादीवर होते.

अशा प्रसंगी वेल्सला ही तिन्ही माणसे डोळ्यांनी पाहावयास मिळाली आणि तिघांच्याही तसबिरी त्याने केल्या. त्यांतील प्रमुख चित्र पेशवे व नाना यांचे एकत्र चित्र होय. १७९२ सालचे हे तैलचित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. गादीवर बसलेले तरुण पेशवे, जवळ त्यांचे कारभारी नाना आणि भोवती सेवकजन, अशी त्याची मांडणी आहे. पेशव्यांच्या अंगावरील मोत्या-हिऱ्यांचे अलंकार आणि नानांचा साधा पोशाख यांतील अंतर पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. मान गादीची आहे, पण कारभार कोणाच्या हाती आहे, हे समजून घेण्यास त्या चित्राजवळ कोणी टिपण जोडण्याची गरज भासत नाही.

नानांची मुद्रा विशेष बोलकी आहे. १७४२ साली जन्मलेले नाना त्यावेळी पन्नाशीत होते. पानिपताच्या रणांगणातून तरुणपणी वाचून आलेला, बारभाईंच्या कारस्थानापासून राज्याचा गाडा ओढीत असलेला हा पुरुष वेल्सने कोणताही भपका न दाखविता रंगविला आहे. याउलट महादजींच्या तसबिरीत भरदार शरीराचा, सावळ्या वर्णाचा, समरांगणात मुरलेला सरदार दिसतो.

तंत्रातील फरक

वेल्सच्या चित्रांचे तत्कालीन पुणेकरांना जे नावीन्य वाटले असेल, ते समजण्यासाठी तैलचित्राची रीत ध्यानी घेतली पाहिजे. या पद्धतीत ताणून बसविलेल्या कापडावर प्रथम अस्तर देतात. त्यावर जवसाच्या तेलात खललेले रंग लावले जातात. हे तेल सावकाश सुकत असल्याने चित्रकाराला एक रंग दुसऱ्यात मिसळता येतो, गालावरचा उजेड हळूहळू सावलीत विरत नेता येतो. एक थर वाळल्यावर त्यावर पातळ, पारदर्शक असा दुसरा थर देता येतो. त्यामुळे त्वचेचा तजेला, रेशमाची चकाकी आणि मखमलीची दाट छटा निरनिराळ्या दाखविता येतात. चेहरा बहुधा किंचित वळलेला, म्हणजे दीडचश्मी, असतो. प्रकाश एका ठराविक बाजूने येतो आणि त्या अनुषंगाने नाक, गाल, हनुवटी यांना उठाव मिळतो.

यासाठी व्यक्तीने चित्रकारासमोर काही काळ स्थिर बसावे लागते. अशा एक-दोन बैठकांत चेहऱ्याचा अभ्यास पुरा करून पोशाख, बैठक व पार्श्वभूमी यांचे काम मागाहून चित्रशाळेत करण्याचा युरोपीय चित्रकारांचा प्रघात होता. वेल्सने पुण्यातील अनेकांच्या चेहऱ्यांची व पोशाखांची अशी अभ्यासचित्रे जमविली होती. रॉबर्ट मेबन नावाचा एक जण त्याचा मदतनीस म्हणून काम करी. वेल्सने आपल्या कामाची रोजनिशीही ठेवली होती. ती आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जतन केलेली आहे.

गंगाराम चिंतामण तांबट

वेल्सबरोबर ज्याचे नाव घ्यावयास हवे, तो गंगाराम चिंतामण तांबट, नवगिरे या नावानेही ओळखला जाणारा, पुण्याचा चित्रकार होय. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडविणारा कारागीर. पुण्यातील तांबटांची आळी आजही प्रसिद्ध आहे. धातूवर ठोके मारून घाट घडविणाऱ्या समाजातून आलेल्या या माणसाने कागदावरही तितक्याच आत्मविश्वासाने हात चालविला.

शनिवारवाड्यात त्या सुमारास चित्रकला शिकविण्यासाठी एक शाळा सुरू झाली होती. मॅलेटचे प्रोत्साहन आणि पेशव्यांचा आश्रय यांमुळे ती चालली, आणि गंगाराम हा त्या शाळेतील सर्वांत नावारूपाला आलेला चित्रकार ठरला. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे साठ वर्षांहून अधिक काळ आधी पुण्यात झालेल्या या प्रयत्नाचे महत्त्व कळून येईल.

गंगारामचा उल्लेख पुष्कळदा वेल्सचा शिष्य म्हणून केला जातो. वेल्सच्या सहवासाचा त्याला लाभ झाला यात शंका नाही. परंतु येथे सालांचा क्रम पाहणे आवश्यक आहे. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. वेल्स हिंदुस्थानात आला तो १७९१ मध्ये आणि पुण्यात आला १७९२ मध्ये. म्हणजे वेल्सची गाठ पडण्यापूर्वीच गंगाराम मॅलेटसाठी निसर्गातील वस्तू प्रत्यक्ष पाहून चित्रे काढीत होता. त्याची नजर आणि त्याचा हात आधीच तयार होता. नवीन तंत्र त्याने त्यात मिळवून घेतले.

गंगारामच्या चित्रांचे विषयही मनोवेधक आहेत. पेशव्यांच्या संग्रहातील जनावरे, तालमीत कसरत करणारे मल्ल, पर्वतीचे टेकडीवरील देवालय, लेण्यांतील मूर्ती असे पुष्कळ काही त्याने रेखाटले. सिंहासनावरील माणसापेक्षा पुण्याच्या रोजच्या जीवनाकडे त्याचे लक्ष अधिक होते असे दिसते. वेल्सने दरबाराची मुखे जपली, तर गंगारामने त्या दरबाराभोवतालचे नगर जपले. वेरूळच्या लेण्यांत एका गोसावी बाबांच्या सन्निध त्याने स्वतःचेही चित्र काढले आहे. त्या काळच्या मराठी चित्रकाराने स्वतःला चित्रात आणावे ही गोष्ट दुर्मिळ आहे. यातील बहुतेक चित्रे मॅलेटच्या संग्रहातून परदेशी गेली आणि आज येल विद्यापीठातच आहेत.

वेरूळची लेणी

मराठवाड्याच्या वाचकांना या दोन्ही चित्रकारांविषयी विशेष जिव्हाळा वाटावा असे एक कारण आहे, आणि ते म्हणजे वेरूळ. मॅलेटने गंगारामकडून वेरूळच्या लेण्यांची चित्रे करवून घेतली. त्याने या लेण्यांचे लिहिलेले वर्णन कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात छापून आले. पाठोपाठ वेल्सनेही वेरूळला जाऊन कैलास व इतर लेण्यांची तपशीलवार रेखाटने केली. मुंबईजवळील घारापुरी, साष्टी बेटावरील कान्हेरी आणि घाटमाथ्याजवळील कार्ले येथील लेण्यांचाही त्याने अभ्यास चालविला होता. थॉमस व विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे चित्रकार १७९३ मध्ये मुंबईस आले, तेव्हा या भागातील लेणी दाखविण्यास वेल्सच त्यांचा वाटाड्या झाला.

लेण्यांचे चित्रण हे सोपे काम नव्हे. अखंड पाषाणातून कोरलेल्या कैलासाची उंची, खोली आणि प्रत्येक स्तंभाची प्रमाणे सांभाळावयाची, गाभाऱ्यातील अंधारात मूर्तीचा आकार ओळखावयाचा आणि हे सर्व कागदाच्या सपाट पृष्ठावर उतरवावयाचे. छायाचित्रणाचा शोध लागावयास अद्याप चार दशकांचा अवधी होता. वेरूळ प्रत्यक्ष न पाहिलेल्या दूरदेशीच्या माणसाला त्या शिल्पवैभवाची कल्पना यावयाची तर ती चित्रकाराच्या हातूनच.

वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने वेरूळची २४ चित्रे तयार केली व ती १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. डॅनियलने स्वतः वेरूळ पाहिले नव्हते. त्याच्या ग्रंथाचा सारा आधार वेल्सच्या कागदांवर होता. मराठवाड्यातील या लेण्यांची महती युरोपातील विद्वानांना आणि सामान्य वाचकांना चित्ररूपाने कळू लागली, त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

१७९५ चे वर्ष

वेल्सला पश्चिम हिंदुस्थानात जेमतेम चार वर्षांचा काळ मिळाला. परंतु तेवढ्या अवधीत मराठी राज्याची किती मोठी स्थित्यंतरे झाली, हे पाहिले म्हणजे त्याच्या तसबिरींचे मोल वाढते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडी येथे निधन पावले. मार्च १७९५ मध्ये खर्डा येथे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, मराठे व निजाम यांची लढाई होऊन मराठ्यांचा विजय झाला. निजामाचा दिवाण ओलीस म्हणून पुण्यास आणला गेला. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर निवर्तल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस, दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांनी, सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कोसळले आणि २७ ऑक्टोबर १७९५ रोजी त्यांचा अंत झाला. त्यावेळी त्यांचे वय अवघे २१ वर्षांचे होते.

पेशव्यांच्या मृत्यूनंतर महिनाही लोटला नव्हता, तोच नोव्हेंबर १७९५ मध्ये, साष्टीच्या लेण्यांचे काम चालू असताना, वेल्स ठाणे येथे मरण पावला. त्याच्या मुलींचा सांभाळ मॅलेटने केला. त्यांना घेऊन तो स्वदेशी परतला आणि १७९९ मध्ये वेल्सची कन्या सुझॅना हिच्याशी त्याने विवाह केला. वेल्सची कागदपत्रे आणि गंगारामची चित्रे एकाच कुटुंबाच्या संग्रहात टिकून राहिली, त्याचे हे एक कारण होय.

वेल्सचे एक मोठे काम अपुरे राहिले होते. १७९० मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज व पेशवे यांच्यात जो तह झाला, त्याच्या पूर्ततेचा समारंभ त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात झाला होता. त्या दरबाराचे भव्य चित्र करावयाचे होते. वेल्सने जमविलेल्या अभ्यासचित्रांवरून ते थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. आतील दरबार, तेथील बैठक आणि मानकऱ्यांच्या रांगा यांचे जे रूप आपण डोळ्यांपुढे आणू शकतो, त्याला या चित्राचा मोठा आधार आहे.

चित्र वाचावे कसे

ऐतिहासिक चित्राकडे पुरावा म्हणून पाहताना काही पथ्ये पाळावी लागतात. पहिला प्रश्न असा की, चित्रकाराने ती व्यक्ती प्रत्यक्ष पाहिली होती काय? वेल्सने १७९२ मध्ये केलेली नानांची तसबीर आणि त्यानंतर शंभर वर्षांनी कोणी कल्पनेने रंगविलेले चित्र यांचे मोल सारखे धरता येणार नाही. डॅनियलचे दरबारचित्रही याच कसोटीवर तपासले पाहिजे. त्यातील चेहरे वेल्सच्या अभ्यासावर आधारलेले असल्याने विश्वासार्ह आहेत. परंतु १७९० च्या समारंभास वेल्सही हजर नव्हता आणि डॅनियलही नव्हता. म्हणून कोण कोठे बसले होते, याबाबतीत त्या चित्रावर विसंबताना कागदपत्रांचा पडताळा घेणे इष्ट ठरते.

दुसरा प्रश्न, चित्र कोणासाठी काढले गेले? दरबारी तसबिरीत वैभव अधिक उठून दिसावे अशी अपेक्षा असते. परकीय वकिलाच्या संग्रहासाठी काढलेल्या चित्रात त्याला जे अपूर्व वाटले तेच येते. गेंडा, मल्ल, लेणी हे विषय निवडण्यात मॅलेटची आवड दिसते, आणि ते रेखाटण्यात गंगारामचे कसब दिसते. दोन्ही वेगळी ओळखावयास हवीत.

तिसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे चित्राखाली चित्रविषयाचे नाव लिहितात. चित्रकाराचे नाव लिहिण्याची प्रथा अजूनही म्हणावी तशी रुजलेली नाही. पाठ्यपुस्तके, दिनदर्शिका, कार्यालयांच्या भिंती यांवर नानांची वा महादजींची जी चित्रे दिसतात, त्यांतील बरीचशी मूळ तसबिरीच्या नकलेची नक्कल असतात. प्रत्येक नकलेत नाक थोडे बदलते, पगडी थोडी बदलते, आणि काही पिढ्यांनंतर मूळ माणूस ओळखू येईनासा होतो. चित्रकाराचे नाव, साल आणि मूळ चित्र कोठे आहे एवढी माहिती खाली छापली, तर हा विपर्यास पुष्कळ अंशी टळेल.

जालना जिल्ह्याचा धागा

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जालना जिल्हा या इतिहासापासून दूर आहे असे वरवर पाहता वाटेल. प्रत्यक्षात वेल्सच्या तसबिरीतील कथेचा शेवटचा मोठा अंक याच भूमीवर घडला. महादजींनी परिश्रमाने उभारलेले कवायती सैन्य त्यांचे वारस दौलतराव शिंदे यांच्या झेंड्याखाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन-जाफराबाद परिसरातील असई येथे, खेळणा व जुई या नद्यांच्या संगमाजवळ, आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढले. त्याच महिन्याच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. वेरूळच्या चित्रांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. इंग्रजांच्या वकिलातीने या मुलखाची चित्रे, वर्णने आणि माहिती दहा-बारा वर्षे जमविली होती. त्या माहितीबरोबर सत्ताही येऊन ठेपली. मॅलेटच्या जिज्ञासेविषयी कृतज्ञता बाळगताना ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही.

असईच्या रणभूमीची सहल काढणाऱ्या शाळांनी महादजींची तसबीर सोबत न्यावी आणि हे सैन्य कोणी, कसे उभे केले, ते मुलांना तेथेच सांगावे. इतिहासाचा धडा त्यामुळे अधिक जिवंत होईल. तसेच चित्रकलेच्या शासकीय परीक्षांना दरवर्षी जी हजारो मुले-मुली बसतात, त्यांना गंगाराम तांबटाचे नाव ठाऊक असावयास हवे. कारागिराच्या घरातून आलेल्या एका तरुणाने समोरचा गेंडा, समोरचा मल्ल आणि समोरची टेकडी पाहून चित्रे काढली, हे त्यांना समजले तर आपल्या गावातील बैलजोडी, बारव किंवा आठवड्याचा बाजार हेदेखील चित्रविषय होऊ शकतात, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक काम तातडीचे आहे. मराठवाड्यातील जुने वाडे, गढ्या, मठ आणि देवळे यांतून भित्तिचित्रे, सचित्र पोथ्या व जुन्या तसबिरी अद्याप विखुरलेल्या आहेत. भिंतीला चुना देताना किंवा वाडा पाडताना त्या नाहीशा होतात. पोथ्यांना वाळवी व ओल लागते. अशी वस्तू आढळल्यास ती स्वतः पुसण्याचा, धुण्याचा किंवा तिच्यावर नवा रंग देण्याचा प्रयत्न करू नये. तिचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे, ती कोठे व कोणत्या स्थितीत आहे याची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे. गावातील शिक्षक व ग्रंथपाल यांनी मनावर घेतले, तर एका तालुक्यातील अशा वस्तूंची यादी थोड्या दिवसांत तयार होऊ शकेल.

वेल्सच्या हाती चार वर्षे होती. तेवढ्यात तो पुण्याला पोहोचला नसता, तर महादजींचा आणि सवाई माधवरावांचा चेहरा समोर बसून टिपण्याची त्याची संधी हुकली असती. गंगारामच्या कागदांची निगा कोणी राखली नसती, तर त्याचे नावही उरले नसते. जे आपल्या परिसरात आज शाबूत आहे, त्याची नोंद आजच करून ठेवणे हे आपल्या हाती आहे.